स्थिर कॅमेऱ्याचीं हलतीं चित्रें

यंत्र ज्या कामासाठीं निर्माण होतें त्याहून मोठें काम लोक त्याच्याकडून करून घेतात, असें इतिहासांत वारंवार घडलें आहे. ज्यास डीएसएलआर म्हणतात, त्या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याची कथा अशीच आहे. हा कॅमेरा मूळचा स्थिर छायाचित्रांचा. त्यास चलच्चित्रें घेण्याची सोय २००८ सालीं लाभली. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें निकॉन कंपनीनें डी-९०, आणि सप्टेंबरमध्यें कॅनन कंपनीनें ५-डी मार्क-टू हा कॅमेरा जाहीर केला. पहिल्याच्या चित्रांत ७२० ओळी, तर दुसऱ्याच्या चित्रांत १०८० ओळी होत्या.

या सोयीचें महत्त्व कॅननच्या संवेदकाच्या आकारांत होतें. तो ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा होता. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याचा संवेदक नखाएवढा असल्यामुळें माणूस आणि मागची भिंत दोन्ही सारखींच स्पष्ट दिसत. मोठ्या संवेदकामुळें मुद्रा ठसठशीत दिसून पार्श्वभूमि विरघळूं लागली, आणि अंधुक प्रकाशांतहि चित्र उमटूं लागलें. व्हिन्सेंट लाफोरे या वृत्तछायाचित्रकारानें कॅननचा नमुना-कॅमेरा थोड्या दिवसांसाठीं मागून घेऊन न्यूयॉर्कमध्यें रात्रीच्या प्रकाशांत ‘रेव्हरी’ ही छोटी चित्रफीत तयार केली. ती पाहून तुटपुंज्या भांडवलाच्या कित्येक होतकरू दिग्दर्शकांस नवी वाट दिसली.

परंतु त्या वाटेवर खाचखळगे पुष्कळ होते. पहिला दोष असा कीं, प्रकाशाचें माप यंत्र स्वतःच ठरवी. पात्र खिडकीपुढून गेलें कीं सारें दृश्य एकाएकीं काळवंडे. कसबी लोकांनीं यावर युक्ति काढली. भिंगाचें छिद्र हव्या त्या मापावर आणून ते भिंग किंचित् फिरवून सैल करीत. त्यामुळें विद्युत् जोडणी तुटून छिद्र आहे तसेंच राही. दुसरे कांहीं जण हातानें फिरवावयाच्या कडीचीं निकॉनचीं जुनीं भिंगें कॅननला बसवीत. अखेर जून २००९ मध्यें कॅननच्या नव्या आज्ञावलीनें छिद्र, शटर आणि संवेदनशीलता हीं तिन्ही मापें छायालेखकाच्या हातीं दिलीं.

दुसरा प्रश्न गतीचा. कॅनन सेकंदाला ३० चौकटी घेई. चित्रपटाचा दर २४ आणि युरोप व भारत येथील दूरचित्रवाणीचा २५. हे दोन्ही दर मार्च २०१० मध्यें मिळाले. जुन्या चित्रपट-कॅमेऱ्यांतील अर्धवर्तुळाकार फिरती तबकडी प्रत्येक चौकटीच्या निम्म्या वेळेपुरताच प्रकाश आंत सोडी. तोच नियम येथें लावून २५ चौकटींस शटर १/५० सेकंदाचें ठेवूं लागले, आणि हालचाल झटके न खातां सलग दिसूं लागली. भारतांत याचा आणखी एक लाभ झाला. येथील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यानें तिच्यावर चालणारे कित्येक दिवे शंभरदां लुकलुकतात. १/५० सेकंदांत बरोबर दोन ठोके मावतात. १/६० मध्यें मावत नाहींत, म्हणून चित्रांत पट्टे उमटतात. भर दुपारीं हेंच माप राखावयाचें तर भिंगापुढें काळसर कांच लावावी लागते.

कांहीं दोष मात्र यंत्राच्या घडणींतच होते. २ कोटि १० लक्ष बिंदूंच्या संवेदकांतून सुमारें २० लक्ष बिंदूंचें चित्र घेण्यासाठीं कॅमेरा मधल्या ओळी गाळी. त्यामुळें बारीक चौकड्यांच्या सदऱ्यावर किंवा कौलांवर रंगीत लहरी नाचत. संवेदक वरून खालीं क्रमानें वाचला जाई. म्हणून कॅमेरा वेगानें वळविला कीं सरळ खांब तिरके दिसत. यावर उपाय साधे होते: पात्रांस साधें वस्त्र द्यावें, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून सावकाश फिरवावा, रेखीवपणाचें माप उतरवावें. आवाजासाठीं वेगळें ध्वनिमुद्रक ठेवून आरंभीं टाळी वाजवीत, म्हणजे पुढें चित्र व ध्वनि जुळवितां येत. ट्रॅमेल हडसन यांनीं २००९ मध्यें ‘मॅजिक लँटर्न’ ही स्वतंत्र आज्ञावली लिहून ध्वनीचें मापहि पडद्यावर आणलें.

मे २०१० मध्यें ‘हाऊस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यानें चित्रित होऊन प्रक्षेपित झाला. कथा ढिगाऱ्याखालीं अडकलेल्या स्त्रीची होती. त्या अडचणीच्या जागेंत लहान कॅमेरा सोयीचा ठरला. २०१२ च्या मार्क-थ्रीमध्यें त्या लहरीहि पुष्कळ कमी झाल्या. पुढें बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनीं या यंत्राची जागा बव्हंशीं घेतली.

परंतु त्या चार वर्षांत जें घडलें तें कारखान्यांतच घडलें असें नाहीं. आज्ञावली सुधारण्यापूर्वींच भिंग सैल करणाऱ्यांनीं वाट शोधली होती, आणि कारखान्यास मागाहून तीच वाट धरावी लागली. यंत्र आपण होऊन जें ठरवितें तें माणसानें आपल्या हातीं घेतलें, तेव्हांच चित्र सुधारलें. ज्याच्यापाशीं महागडा कॅमेरा नाहीं, त्याला हा इतिहास धीर देणारा आहे.