अ‍ॅगामेम्नॉन कोण होता? मुलीचा बळी देणाऱ्या राजाच्या घराण्याचं पुढे काय झालं?

ट्रॉयचं युद्ध म्हटलं की अकिलीस, हेलन आणि लाकडी घोडा आठवतो. पण ग्रीक सैन्याचा सरसेनापती होता मायसिनीचा राजा अ‍ॅगामेम्नॉन. युद्ध त्याने जिंकलं, मात्र त्याचं घर उद्ध्वस्त झालं.

कुटुंबात कोण कोण होतं?

अ‍ॅगामेम्नॉन हा एट्रियसचा मुलगा. एट्रियसने आपल्या भावाला, थायेस्टीसला, त्याच्याच मुलांचं मांस खाऊ घातलं होतं. अ‍ॅगामेम्नॉनचा भाऊ मेनेलाओस स्पार्टाचा राजा आणि हेलनचा नवरा. अ‍ॅगामेम्नॉनची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा ही हेलनची बहीण. म्हणजे दोघी बहिणी एकमेकींच्या जावाही होत्या. इफिजीनिया, इलेक्ट्रा, क्रिसोथेमिस आणि ओरेस्टीस ही अ‍ॅगामेम्नॉनची मुलं.

इफिजीनियाचा बळी का दिला?

पॅरिस हेलनला ट्रॉयला घेऊन गेला आणि ग्रीक सैन्य निघालं. पण आर्टेमिस देवीच्या कोपामुळे जहाजं ऑलिस बंदरात अडकली. राजाच्या मुलीचा बळी द्यावा लागेल, असं भविष्यवेत्त्या कालकसने सांगितलं. अकिलीसशी लग्न लावण्याच्या बहाण्याने इफिजीनियाला बोलावून घेण्यात आलं. देवीने ऐनवेळी तिच्या जागी हरिणी ठेवली, असंही काही कथा सांगतात.

राजाचा शेवट कसा झाला?

दहा वर्षांनी राजा परतला. होमरच्या 'ओडिसी'त थायेस्टीसचा मुलगा एजिस्थस त्याला मेजवानीत मारतो. एस्किलसच्या नाटकात मात्र क्लायटेम्नेस्ट्रा स्वतः त्याला न्हाणीघरात ठार करते. पुढे ओरेस्टीस बापाच्या खुनाचा सूड म्हणून आईला मारतो.

सूडाचं चक्र कसं थांबलं?

एस्किलसच्या इ.स.पू. 458 मधल्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत ओरेस्टीसवर अथेन्समध्ये खटला चालतो. मतं समसमान पडतात आणि अथीना देवीच्या कौलाने तो सुटतो. खुनाचा निवाडा आता घरातल्या सूडाने नाही, तर न्यायालयात होतो.

अ‍ॅगामेम्नॉन खरंच होऊन गेला का?

तसा पुरावा नाही. 1876 मध्ये हाइनरिश श्लीमान यांना मायसिनीत सोन्याचा मुखवटा सापडला. तो आजही 'अ‍ॅगामेम्नॉनचा मुखवटा' म्हणून ओळखला जातो. पण तो साधारण इ.स.पू. सोळाव्या शतकातला आहे, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानला जातो, त्याच्या कितीतरी आधीचा.