नारायणगावकर, विठाबाई भाऊ मांग

(१९३५–१५ जानेवारी २००२). ढोलकी फडाच्या तमाशातील श्रेष्ठ गायिका, नर्तकी आणि अभिनेत्री. जन्म पंढरपूरचा, घराणे जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. आजोबांनी उभा केलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपाला आणला. विठाबाई त्याच फडात लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या.

गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग या साऱ्यांवर त्यांची हुकमत होती. खड्या आवाजातली लावणी ढोलकीच्या तोड्यावर चढत गेली, की मागच्या रांगेपर्यंत शिट्ट्या आणि फेटे उडत. प्रसूतीच्या कळा सोसतही त्या बोर्डावर नाचल्याची हकिकत तमासगिरांत आजही आदराने सांगितली जाते.

१९९० मध्ये राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तरी उतारवयात आजारपण आणि आर्थिक ओढाताण सुटली नाही. एवढ्या मोठ्या कलावतीच्या वाट्याला हे यावे, ही महाराष्ट्राला लागलेली बोच आहे. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभारून हा वारसा पुढे नेला.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. यात्रांच्या हंगामाआधी येथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावसह दूरदूरच्या गावांचे कारभारी येऊन गावच्या यात्रेची सुपारी ठरवतात.