पोलादी गोळीपासून एअरबॅगपर्यंत

पेडण्याहून पार्सेमार्गे आगरवाड्याकडे जाताना चाक खड्ड्यात धाडकन आपटतं, माणसं सीटवरून उडतात, पण स्टेअरिंगमधली एअरबॅग गप्प राहते. तीच गाडी वळणावर झाडाच्या बुंध्यावर समोरून आदळली, तर पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. दोन्ही धक्केच. त्यांतला फरक गाडीला कसा कळतो, हाच या कुळकथेचा गाभा. पिशवीचं कौतुक सगळे करतात, ती कधी उघडायची हे ठरवणाऱ्या भागाचं कुणी करत नाही.

पिशवीची कल्पना जुनी. 1952 मध्ये अमेरिकेत जॉन हेट्रिकची गाडी रस्त्यातला दगड चुकवताना चरात गेली. त्या क्षणी त्याचा आणि बायकोचा हात आपोआप लहान मुलीच्या पुढे आडवा गेला. हाताऐवजी पुढे यंत्रच यावं, असं त्याच्या मनाने घेतलं. युद्धकाळात नौदलात टॉर्पेडो दुरुस्त करताना दाबलेली हवा सुटून कॅनव्हासचं आवरण उडालेलं त्याने पाहिलं होतं. 1953 मध्ये त्याला पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडररलाही त्याच वर्षी मिळालं. पण दाबलेली हवा पिशवी भरायला फार वेळ घेई. पुढे सोडियम अझाइड पेटवून नायट्रोजन काढायची युक्ती आली, आणि पिशवी सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास फुगू लागली.

उरला प्रश्न ‘कधी’चा. तो 1968 च्या सुमारास अॅलन ब्रीडने सोडवला, आणि मला ती करामत या साऱ्या कथेत सर्वांत सुंदर वाटते. छोट्या नळीत एका टोकाला पोलादी गोळी, मागे तिला धरून ठेवणारं चुंबक, दुसऱ्या टोकाला विजेचे दोन संपर्क. गोळी नळीत जेमतेम मावते, त्यामुळे पुढे सरकताना सायकलच्या पंपासारखी हवा तिला अडवते. खड्ड्याचा झटका क्षणिक असतो. गोळी सुटली तरी अर्ध्यातून चुंबकाकडे परतते. खऱ्या टकरीत गाडीचा वेग सलग कमी होत राहतो, म्हणून गोळी टोकापर्यंत पोचते आणि संपर्क जुळतो. म्हणजे नुसता धक्का किती मोठा हे पाहायचं नाही, तो किती वेळ टिकला हेही पाहायचं.

1990 च्या दशकात गोळीची जागा सिलिकॉन चिपने घेतली. तिच्यावर कोरलेल्या सूक्ष्म पट्ट्या धक्क्याने हलतात आणि गाडीतला संगणक त्यावरून निर्णय घेतो. समोरून भिंतीवर ताशी साधारण 15 ते 25 किलोमीटर वेगाने आदळण्याइतकी टक्कर झाली, की इशारा जातो. पिशवी ताशी 300 किलोमीटरच्या आसपास बाहेर येते आणि मागच्या भोकांतून लगेच रिकामी होऊ लागते. पट्टा न लावलेला चालक ब्रेक लागताच पुढे सरकलेला असतो. उघडणारी पिशवी त्यालाच जोरात लागते.

आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सक्ती 2021 मध्ये नव्या मॉडेलांपासून सुरू झाली. त्याआधीच्या कितीतरी छोट्या गाड्या पेडण्याच्या रस्त्यांवर आजही धावतात. त्यांच्यात ना ही चिप आहे, ना पिशवी. आहे तो फक्त पट्टा.