‘मायावी’चा बदललेला पत्ता : पायथॉनमधील मोड्यूल-शोधाचा ऐतिहासिक विचार

संगणकीय भाषांच्या इतिहासात त्यांच्या जन्माच्या हकिगती विस्ताराने येतात. त्या भाषांतील नावे व पत्ते कसे बदलत गेले याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. पायथॉनमध्ये ‘मोड्यूल सापडत नाही’ असा संदेश येतो, तेव्हा अनेकदा हा न लिहिलेला इतिहासच आड येत असतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राशी संबंधित एका उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ग्विदो व्हान रोस्सम यांनी १९९१ मध्ये पायथॉन प्रसिद्ध केली. ‘इम्पोर्ट’ या आज्ञेनंतर आलेले नाव ही भाषा फोल्डरांच्या एका यादीत क्रमाने शोधते. सामान्यतः प्रथम चालविलेल्या फाइलचे फोल्डर, नंतर ‘पायथॉनपाथ’मध्ये दिलेले मार्ग, त्यानंतर प्रमाणित लायब्ररी आणि शेवटी बाहेरून आणलेल्या पॅकेजांचे ‘साइट-पॅकेजेस’ हे फोल्डर पाहिले जाते. नाव जेथे प्रथम मिळेल तेथे शोध थांबतो. विद्यार्थ्याने आपल्या फाइलला ‘रँडम’ असे नाव दिले तर त्याच नावाचे मूळ मोड्यूल झाकले जाते, ते यामुळेच.

त्रिमितीय चित्रणासाठी वापरले जाणारे ‘मायावी’ हे पॅकेज आयआयटी मुंबईच्या एअरोस्पेस विभागातील प्रा. प्रभू रामचंद्रन यांची निर्मिती होय. पुढे ते ‘एन्थॉट’ कंपनीच्या साधनसंचात समाविष्ट झाले आणि त्याची हाक ‘एन्थॉट डॉट मायावी’ अशी झाली. २०११ मध्ये संचाच्या चौथ्या आवृत्तीत हा उपसर्ग काढून टाकण्यात आला. परिणामी पॅकेज संगणकावर असूनही जुन्या आज्ञावल्या त्याला ओळखेनाशा झाल्या. जुनी नावे चालावीत म्हणून ‘ईटीएसप्रॉक्सी’ नावाचा दुवा देण्यात आला खरा. तथापि छापील टिपणांतील ओळी आपोआप कशा बदलणार?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यासारख्या भागात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. अखंड इंटरनेटची खात्री नसताना पॅकेज पुन्हा उतरवून घेण्यात प्रात्यक्षिकाचा तास संपतो, आणि मूळ दोष बहुधा तसाच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, पुनःस्थापनेपूर्वी कोणता इंटरप्रिटर चालू आहे हे पाहणे अधिक इष्ट. एकाच संगणकावर पायथॉनच्या दोन आवृत्त्या असल्यास प्रत्येकीचे ‘साइट-पॅकेजेस’ वेगळे असते. पॅकेज एकीत बसविले आणि आज्ञावली दुसरीत चालविली, असे सर्रास घडते. त्यानंतर ‘सिस डॉट पाथ’ छापून शोधाची यादी वाचावी. मोड्यूल सापडत असूनही भलतेच वागत असेल, तर ते कोणत्या फाइलमधून आले हे तपासावे.

यादी निर्दोष दिसली तर नावाकडे वळावे. चित्रप्रक्रियेचे ‘पीआयएल’ हे जुने पॅकेज मागे पडून २०१० मध्ये ‘पिलो’ आले. आजही ते ‘पिलो’ या नावाने बसवावे लागते, आणि इम्पोर्ट मात्र ‘पीआयएल’ या नावानेच करावे लागते.