पगारातला रुपया बांधावर कसा आला?

"सरकारनं दिलं" असं आपण सहज म्हणतो. पण सरकारकडे तो पैसा आला कुठून आणि गावापर्यंत पोचला कसा, हे आपण क्वचितच विचारतो. आज अशाच एका पैशाचा माग काढू या. गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे, रोजगार हमीची.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या सासूबाईंनी, आजीनं पाहिला असेल. लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली. कुणी खडी फोडली, कुणी रस्त्यावर माती टाकली, कुणी पाझर तलाव खोदले. त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. कामावर सुकडी मिळायची, हातात मजुरी पडायची. पण अशी कामं दुष्काळ जाहीर झाला की निघायची आणि दुष्काळ सरला की बंद व्हायची. मजुराच्या घरची ओढ मात्र दर उन्हाळ्याची. म्हणजे काम मिळणं ही मेहेरबानी होती, हक्क नव्हता.

हे बदलायचा विचार वि. स. पागे यांनी आधीपासून मांडला होता. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं, ही त्यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग झाला. दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

आता पैशाकडे येऊ. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा बारा महिने हाताशी हवा. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून, डॉक्टर-वकिलाच्या कमाईतून तो घेतला जाऊ लागला. मोटारींवरच्या करातून आणि बागायती जमिनीवरच्या आकारातूनही वाटा घेतला गेला. या करांतून जेवढं जमेल, तेवढीच भर राज्य सरकारनं घालायची, असं ठरलं. असा रोजगार हमी निधी उभा राहिला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया माणदेशातल्या नाला बांधावर पोचू लागला.

पण तो आपोआप येत नव्हता. मजुरानं आधी गावात नाव नोंदवायचं, मग कामाची मागणी करायची. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकार भत्ता. नवं काम काढायला निदान ५० मजूर लागायचे. जिल्हाधिकारी मंजुरी देणार, पाटबंधारे, बांधकाम, कृषी किंवा वन खातं काम करून घेणार, हजेरीपटावर नाव लागणार, कामाचं माप घेतलं जाणार, मग मजुरी. बाई-पुरुषाला दर सारखाच. कामावर पाणी, सावली आणि लेकरांसाठी पाळणाघर असावं, हेही नियमात होतं. १९९० पासून याच योजनेतून फळबागा लावायला अनुदान मिळू लागलं. मजुरीसाठी आलेला पैसा अशा रीतीनं लहान शेतकऱ्याच्या रानातही गेला.

मैत्रिणींनो, या इतिहासातली एक गोष्ट मनाला लागते. पुढं अशीही वर्षं आली की कर नियमानं कापला जात होता, पण निधीतला सगळा पैसा कामावर खर्च होत नव्हता. तिजोरीत शिल्लक आणि गावात हात रिकामे! जिथं मजूर संघटित होते, मोर्चे काढत होते, लेखी मागणी करून पोच मागत होते, तिथं कामं निघाली. जिथं कुणी विचारलं नाही, तिथं कायदा कागदावरच राहिला.

२००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. त्या कायद्यानं निदान एक तृतीयांश मजूर स्त्रिया असाव्यात असं सांगितलं आणि गावासमोर हिशेब तपासण्याची सोयही केली.

योजनांची नावं बदलतात, नियम बदलतात. शाळेची खोली असो, पाण्याची टाकी असो की बंधारा, पैशाचा शेवटचा टप्पा मात्र गावातच असतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेला गटानं एकत्र जायचं. तीन प्रश्न विचारायचे: किती पैसा आला, कशासाठी आला, खर्च कशावर झाला? मागणी तोंडी नको, लेखी द्यायची. आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.