पोत्यावरच्या टॅगची कुळकथा

पूर्व काँगोतल्या खाणीवर कोल्टन या खनिजाचं पोतं भरलं की ते काट्यावर चढतं. सरकारी खाण खात्याचा माणूस वजन वहीत टिपतो, पोत्याचं तोंड आवळून त्याला बारकोडचा प्लास्टिक टॅग लावतो आणि टॅगचा क्रमांकही उतरवून घेतो. व्यापाऱ्याच्या वखारीत माल निवडून झाला की हा टॅग कापतात, त्याची नोंद करतात आणि नव्या पोत्याला दुसरा टॅग लावतात. 'हा माल बंदूकवाल्यांच्या खाणीतला नाही' ही ग्वाही या दोन नोंदींवर उभी आहे.

कोल्टनमधून टँटलम मिळतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आंदर्स एकेबर्ग यांनी १८०२ मध्ये शोधलेला हा धातू कपॅसिटरसाठी फार उपयोगी ठरला, कारण अगदी छोट्या जागेत तो बराच विद्युतभार साठवतो. मोबाइल फोन घरोघरी जाऊ लागले तशी मागणी वाढली आणि २००० साली टँटलमचे भाव भडकले. त्या वेळी काँगोत युद्ध पेटलेलं होतं. १९९८ ते २००३ या काळात शेजारी देशांच्या फौजा आणि बंडखोर टोळ्या पूर्वेकडच्या खाणींवर ठाण मांडून होत्या. खाणकामगाराच्या मालावर त्या कर उकळत आणि त्या पैशावर लढाई चालवत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने एप्रिल २००१ च्या अहवालात हा व्यवहार जगापुढे मांडला.

उपायाचा एक नमुना हिऱ्यांच्या व्यापारात तयार होत होता. अंगोलातल्या यादवीला हिऱ्यांचा पैसा कसा पुरतो, हे 'ग्लोबल विटनेस' या संस्थेने १९९८ मध्ये दाखवलं. मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली शहरात बैठक झाली आणि २००३ पासून कच्चे हिरे मोहोरबंद पाकिटातून, सरकारी प्रमाणपत्रासह देशाबाहेर जाऊ लागले. खनिजाची अडचण मात्र वेगळी होती. भट्टीत गेलं की दहा खाणींचा माल एकजीव होतो आणि मग कुठला कोणाचा, हे सांगता येत नाही. म्हणून पुरावा भट्टीच्या आधीच, खाणीच्या तोंडाशी तयार व्हायला हवा होता. टॅगची गरज इथे उभी राहिली.

२०१० मध्ये सगळं एकदम जुळून आलं. जुलैत अमेरिकेत डॉड-फ्रँक कायद्यावर सही झाली. त्याच्या १५०२ व्या कलमाने कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं वापरणाऱ्या, तिथल्या शेअर बाजारातल्या कंपन्यांवर जबाबदारी टाकली: हा माल काँगो किंवा त्याच्या शेजारी देशांतून येतो का, ते तपासा आणि जाहीर करा. कायद्याने खरेदीवर बंदी घातली नव्हती. त्याच वर्षी कथील उद्योगाच्या संघटनेने दक्षिण किवू प्रांतातल्या न्याबिब्वेजवळच्या कालिंबी खाणीवर टॅगचा पहिला प्रयोग केला. तो रांगतो न रांगतो तोच, सप्टेंबरमध्ये काँगोचे राष्ट्राध्यक्ष काबिला यांनी किवूचे दोन्ही प्रांत आणि मानिएमा इथलं हातखाणकाम बंद केलं. मार्च २०११ मध्ये बंदी उठली, पण कोणी गिऱ्हाईक येईना. टॅग नसलेल्या मालाला कंपन्या हात लावायला तयार नव्हत्या. पहार-फावड्यावर पोट असलेल्या हजारो खाणकामगारांची चूल यात थंडावली. तिथले लोक डॉड-फ्रँकला 'ओबामाचा कायदा' म्हणत.

हळूहळू व्यवस्था बसली. खाणी अगणित, कारखाने अगणित, पण मधे धातू गाळणाऱ्या भट्ट्या मोजक्याच. म्हणून तपासणी तिथे करायची, असं ठरलं. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने भट्ट्यांचं लेखापरीक्षण सुरू केलं, विकसित देशांच्या 'ओईसीडी' या संघटनेने पाच पायऱ्यांची मार्गदर्शिका दिली. जानेवारी २०१४ मध्ये इंटेलने आपले मायक्रोप्रोसेसर संघर्षमुक्त खनिजांचे असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. भट्ट्यांची नावं विचारणारा एक ठरावीक तक्ता कंपन्या पुरवठादारांना पाठवतात, आणि निर्यातीचा माल करणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांनाही तो भरावा लागतो.

तरीही टॅग त्याला बांधणाऱ्या हाताइतकाच खरा असतो. तपासणी न झालेल्या खाणींचा मालही टॅगखाली खपवला जातो, असा आरोप 'ग्लोबल विटनेस'ने २०२२ मध्ये केला. टॅग-योजना चालवणाऱ्यांनी तो नाकारला. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर किवूतल्या रुबायाच्या मोठ्या कोल्टन खाणी एम२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेल्या. हा गट तिथे कोल्टनवर दरमहा किमान ८ लाख डॉलर कर वसूल करतो आणि तो माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्या वर्षाअखेरच्या अहवालात नोंदवलं.

म्हणून टॅग मोडीत काढावा, असं मला मुळीच वाटत नाही. टॅग नव्हता तेव्हा विचारणाच नव्हती. पण कागद पुरा झाला की जबाबदारी संपली, हा कंपन्यांचा समज मोडायला हवा. काँगोतून अंग काढून घेणं हाही मार्ग नव्हे. त्याची किंमत २०११ मध्ये खाणकामगाराने मोजली. तिथून माल घ्यावा, चोख भाव द्यावा आणि खाणीपर्यंत आपली माणसं पाठवून खात्री करावी. भारतात आज कोट्यवधी मोबाइल जोडले जातात, पण त्यातल्या खनिजाचं मूळ सांगायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, आणि ही मागणी फोन वापरणाऱ्या आपणच करायची आहे.