क्रूसावरची पाटी

क्रूसावरील येशूच्या माथ्यापाशी एक लहानशी पाटी असते आणि तिच्यावर चार रोमन अक्षरे असतात : आय्, एन्, आर्, आय्. ख्रिस्ती मंडळींचे हे ‘श्री’कार असावेत, अशी पुष्कळांची समजूत आढळते. वस्तुतः ते एका आरोपपत्राचे संक्षिप्त रूप आहे.

देहदंड झालेल्याचा अपराध फळीवर लिहून तो लोकांना दाखविण्याची रोमन लोकांत चाल होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात या फळीची हकीकत येते. पिलाताने तीवर लिहविले, की हा नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. जागा शहरालगतची, दिवस वल्हांडणाच्या यात्रेचे. तेव्हा वाचणारे पुष्कळ. म्हणून मजकूर तीन भाषांत : हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक. पहिली तिथल्या लोकांची, दुसरी सरकारची, तिसरी व्यापारउदिमाची. आपल्या रेल्वे स्टेशनांवर नाव तीनदा लिहितात, त्यातलाच हा प्रकार!

याजकांना मजकूर झोंबला. ‘राजा’ असे नको, ‘स्वतःस राजा म्हणवी’ असे लिहा, अशी त्यांची विनवणी. पिलाताने ती झिडकारली. मला तरी यात भक्तीपेक्षा सत्ताधाऱ्याची कुचेष्टाच अधिक दिसते : पाहा, तुमच्या राजाची ही गत! भाविकांना मात्र त्याच थट्टेत सत्य दिसले. हा पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता. त्याच्या नावाचा लॅटिन शिलालेख १९६१ साली कैसरियास सापडला. दंड रोमन, हुकूमही रोमन. पण युरोपात त्याचा बोल शतकानुशतके यहुद्यांच्या माथी मारला गेला.

आमच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, यहुद्यांच्या वाट्याला हे आले नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, एवढेच. पेणकर, रोहेकर, तळकर अशी गावांवरून पडलेली आडनावे घेऊन ते येथे नांदले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण छापले, तेही मराठीतून. फळीवरची पहिली भाषा आमच्याकडे अशी मराठीचे बोट धरून शिकविली गेली. दुसरी, लॅटिन, रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत पोर्तुगीजांबरोबर आली.

आणि मराठीचे काय? फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि मराठी ओवीत त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले. लोकांना त्यांच्याच भाषेत कळावे, हा हेतू. परंतु देवनागरी खिळे नव्हते, म्हणून १६१६ साली राशोलला ग्रंथ निघाला तो रोमन अक्षरांत! ज्याला गोव्याबाहेरच्या मराठी माणसाने ऐकावे पण वाचू नये, असे हे मराठी पुस्तक. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत स्थानिक बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. पिलाताने निदान तिथल्या लोकांची भाषा फळीवर राहू दिली होती.

क्रिस्तपुराण देवनागरीत छापून निघाले ते १९५६ साली, पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. त्याची एक जुनी देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. ती मात्र लंडनला.